हायवेवरचे जुने ढाबे आणि त्यांच्या लाल-निळ्या लाइटीच्या पाट्या : तुमच्या आठवणी टाका

रेघवाली
काल रात्री आमच्या फ्रीजचा स्टॅबिलायझर अचानक गुंंं करायला लागला. नवरा म्हणे बंद कर ते, आणि मी अंधारात डोळे उघडे ठेवून पडलेली, कारण तो आवाज मी ओळखते. पारोळ्याच्या अलीकडे एक ढाबा होता, त्याच्या पाटीचा अस्साच आवाज यायचा. पप्पांची गाडी होती (ट्रक), सावद्याहून केळी भरून सुरतला, मे महिन्याच्या सुट्टीत मी आणि भाऊ केबिनमध्ये मागच्या फळीवर झोपून. तेव्हाचा सहा नंबर हायवे, आता ५३ म्हणतात. तर त्या ढाब्याचं नाव काय होतं देव जाणे, अक्षरं सगळी गेलेली, फक्त वरची शिरोरेखा तेवढी जळायची. आठ-दहा फुटांची लाल रेघ, काळ्या अंधारात अधांतरी. खाली काहीच नाही. पप्पा गिअर कमी करायचे आणि म्हणायचे, "रेघ आली, उठा रे." मला शेवभाजीचा रस्सा सोसायचा नाही म्हणून पोऱ्या माझ्यासाठी वाटीत कोरडी जाड शेव आणि दही आणून द्यायचा, न सांगता. परवा नव्या बायपासने गेलो तर पारोळा कधी गेलं कळलंच नाही. तुमच्याकडे होत्या का अशा पाट्या? लिहा ना.

धुळेकर_सध्या_पुणे
अलीकडे नाही हो ताई, पलीकडे. मुकटीच्या बाजूला. डाव्या हाताला लिंब आणि पंक्चरवाला. शंभर टक्के.

रेघवाली
जळगावहून येताना अलीकडेच होता. मी फळीवर असले तरी झोपलेली नव्हते 😄

लोको_शेड
रंगाचा बेरंग करतोय, पण ढाब्यावर निऑन (गॅस भरलेल्या काचेच्या नळीचे दिवे) वगैरे काही नसायचं. पत्र्याची पेटी, पुढे लाल अक्षरं चिकटवलेलं अ‍ॅक्रिलिक, आत दोन ट्यूबलाइट. खरं निऑन म्हणजे थेटर, लॉज, नाहीतर गावातलं मोठं कापड दुकान. फोटो असेल तर टाका मग बोलू.

सुनंदा_आत्या
फोटो कोण काढत होतं तेव्हा, रोल ३६ चा, तो लग्नाला पुरायचा नाही.

काचनळी
लोकोभाऊ अर्धं बरोबर आहे. बहुतेक ढाब्यांवर पेटीच होती, पण काही मालक हौशी असायचे, शेजारच्या पंजाब्याने लावली म्हणून मी पण लावणार. मी पोरगा असताना चार वर्षं धुळ्यात एका पाटीवाल्याकडे कामाला होतो म्हणून सांगतो. काचेची सरळ नळी यायची, चार-पाच फुटी. ती बर्नरवर धरून गोल गोल फिरवायची, मऊ पडली की खालच्या नकाशावर ठेवून वळवायची. हातात वेळ किती, तर चार-पाच सेकंद. नळीच्या एका टोकाला बूच आणि दुसऱ्या टोकाला रबरी नळी, ती उस्तादाच्या तोंडात. वळणावर काच चपटी होऊ नये म्हणून हलकी फुंकर मारत राहायची. जास्त फुंकली की फुगा, कमी पडली की काच चेपलीच. "ळ" वळवताना उस्ताद कुणाशी बोलायचा नाही, आणि मालकाच्या नावात "क्ष" असला की भाव वाढवून सांगायचा, खरं सांगतो.

लाल रंग म्हणजे साधी पांढरी काच आणि आत निऑन, त्याचा उजेडच केशरी-लाल. निळी मात्र निऑन नाहीच, आत आर्गॉन आणि पाऱ्याचा थेंब. म्हणून डिसेंबरात निळी पाटी मलूल दिसायची, गारठ्याने पाऱ्याची वाफ नीट होत नाही. गिऱ्हाईक भांडायला यायचं, "भाऊ उन्हाळ्यात तर चकाचक होती." आम्ही सांगायचो होळीपर्यंत थांबा.

आता ताईंची रेघ. मराठी पाटीत शिरोरेखेची नळी बऱ्याचदा वेगळी करायचो, तिला वेगळा ट्रान्सफॉर्मर. अक्षरं एकाला एक जोडलेली, त्यातलं एक तडकलं की ती अख्खी माळ बंद. रेघेला काय होतंय, ती जळत राहते. आणि तो गुंंं आवाज नळीचा नसतो हो, ट्रान्सफॉर्मरचा. घरच्या २३० व्होल्टचे हजारो करतो तो, मोठ्या पाटीला १५००० पर्यंत. पावसात जवळ उभं राहिलं की मानेवरचे केस उभे राहायचे, ते भीतीनेही असेल म्हणा.

एक राहिलंच. दोन अक्षरांच्या मधला नळीचा तुकडा काळ्या रंगाने झाकतात, तो दिसायला नको म्हणून. उन्हाने रंगाचे पोपडे पडले की तोही जळायला लागतो. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या "भोजनालय"चं काय झालं होतं ते बायकामंडळी वाचतायत म्हणून लिहीत नाही.

केळीचं_खोड
लिहा की!! आता अर्धवट नको

सुनंदा_आत्या
बायकामंडळींनी तुमच्याहून जास्त पाट्या वाचल्यात, लिहा.

लोको_शेड
काचनळीदादा, माघार घेतली. सायन्सच्या पुस्तकात एवढं नव्हतं.

काचनळी
पुस्तकातलं सांगायचं तर निऑन सापडला १८९८ ला लंडनमध्ये, पॅरिसात त्याचे दिवे लागले १९१० ला. आणि आपल्या सहा नंबरवर येईपर्यंत तिकडच्यांचं कौतुक संपत आलेलं. आपलं सगळं असंच, मागून पण जोरात.

मिरची_नंदुरबारी
आमच्या वडलांचं ठरलेलं वाक्य, "लाल लाइट दिसना का पोटमा आग पडी जास." मग रस्सा खाल्ला की खरीखुरी पडायची.

केळीचं_खोड
शेवभाजीचं नाव काढलंत म्हणून. आजकाल पुण्या-मुंबईत खान्देशी म्हणून जे देतात त्यात शेव आधीच टाकून शिजवतात, लगदा नुसता. अरे शेव शेवटी. ताट समोर आलं, रस्सा उकळता, वर तर्री, मग शेव, आणि पहिला घास ती कुरकुरीत असतानाच गेला पाहिजे. आणि काळा मसाला घरचा. आणि भरीत खायचं तर वांगं बामणोदकडचं, काड्यांवर भाजलेलं, गॅसवर भाजलेल्याला मी भरीत म्हणत नाही. सोबत कळण्याची भाकरी, कांद्याची पात, हिरवी मिरची ठेचलेली...

धुळेकर_सध्या_पुणे
खोड भाऊ विषय पाट्यांचा आहे. आता मला पुण्यात या वेळेला भाकरी कोण देणार?

केळीचं_खोड
पाटी बघून कोण जेवतं, वासावर थांबतो आपण 🙏

बॉर्डरवाला
नवापूरला या. आमचं स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. लहानपणी नवापूरच्या पुढे गेलं की एकदम काळोख वाटायचा, मला वाटायचं गुजरातमध्ये लाइट नसते. नंतर कळलं की दारूबंदी आहे, म्हणून इकडच्या हद्दीत परमिट रूमवाल्यांनी जेवढा उजेड करता येईल तेवढा करून ठेवलाय. एकाची पाटी तर अशी, निळा ग्लास, मग लाल बाटली, मग ग्लास पुन्हा, आळीपाळीने चालू-बंद. शाळेच्या बसमध्ये बाई सांगायच्या, डोळे मिटा रे पोरांनो. सगळ्यांना ती पाटी पाठ. मग २०१७ च्या एप्रिलपासून सुप्रीम कोर्टाच्या ऑर्डरने हायवेपासून ५०० मीटरच्या आतली दारू बंद, हायवेवर दारूच्या पाट्या पण चालणार नाहीत म्हणाले. आमच्या ओळखीच्या एकाने पाटी उतरवायला जीव होईना म्हणून तिच्यावर खताची रिकामी पोती शिवून टाकली. वाऱ्याने पोतं उडालं की ग्लासाची दांडी दिसायची.

सुनंदा_आत्या
पोती शिवली 🤣🤣 दाभणाने का?

बॉर्डरवाला
हो आत्या, दाभण आणि सुतळी. आमच्याकडे सगळं त्यानेच होतं.

डबल_बेल
एसटीत कंडक्टर होतो, रिटायर्ड. नाइट गाडीचा थांबा ठरलेला असायचा, पंधरा मिनिटं. मी ओरडून सांगायचो, लाल बाणाखालीच बसा, लांब जाऊ नका. पुढे काय झालं, शेजारच्या हॉटेलवाल्याने पण तसलाच लाल बाण लावला. एक आजीबाई चहा पिऊन त्या दुसऱ्या बाणाखाली जाऊन बसल्या. मी मोजणीत चुकलो, बेल दिली, गाडी हलली. दोन किलोमीटरवर एकजण म्हणाला आजी कुठंय. पहाटे तीनला गाडी रिव्हर्स घेत, वळवत परत. आजी निवांत, मांडीवर पिशवी, बाणाकडे बोट दाखवून मलाच म्हणे, "तूच म्हनला ना रे भाऊ आठे बठ." काय बोलणार. चूक माझी होती, अजून कुणाला सांगितली नव्हती.

मिरची_नंदुरबारी
आजी जिंकल्या.

क्वार्टर_नं_४२
दीपनगरला (भुसावळचं औष्णिक वीज केंद्र) राहायचो, म्हणजे घराशेजारी वीज बनते आणि आजूबाजूच्या गावांत लोडशेडिंग. चिमण्यांचे लाल दिवे लांबून दिसायचे तेवढेच. वरणगाव रोडला एक ढाबा, त्याची पाटी जनरेटरवर. जनरेटर धापा टाकायचा तशी पाटी पण, मोठी-बारीक-मोठी-बारीक. पावसाळ्यात तिच्याखाली बसायची चूक केली आम्ही एकदा, पाखं असे बदाबद पडले की बाबांनी ताटावर वर्तमानपत्र धरलं. भिंतीवर पाली रांगेत, त्यांचीही जेवणाचीच वेळ. माझ्या रश्शात पंख दिसला, वेटरला दाखवला तर म्हणे शेव आहे. तेव्हापासून मी शेव चमच्याने उलटून बघतो. बायको म्हणते काय शोधतोस.

लोको_शेड
कोण कोण लळिंगच्या घाटातून रात्री उतरलंय? आधी काहीच नाही आणि वळण घेतलं की खाली सगळं धुळं. मुंबईहून येताना तिथे माझी आई चप्पल शोधायला लागायची.

सुनंदा_आत्या
माझी पण आई! आणि पिशव्या मोजायची. सात होत्या, सहा कशा झाल्या.

धुळेकर_सध्या_पुणे
रेघवाली ताई, पप्पांना विचारा ना ढाबा कुठे होता. पैज लावतो, मुकटी.

लोको_शेड
पप्पा आहेत ना ताई? सहज विचारलं.

रेघवाली
आहेत आहेत, एक्क्याऐंशी पूर्ण. आत्ताच फोन केला म्हणून उशीर झाला. गाडी विकून वीस वर्षं झाली, पण फोनवर पहिला प्रश्न अजून तोच, रस्ता कसा आहे. मी म्हटलं पप्पा तो ढाबा आठवतो का, ज्याची पाटी जळाली होती आणि नुसती रेघ उरली होती? म्हणे कोणती पाटी जळाली होती? मी म्हटलं अहो नाव कुठे होतं त्याच्यावर, अक्षरं सगळी बंद. तर थोडं थांबून म्हणाले, "बेटा, माले वाटे ती पाटी तशीच से."

पप्पांना वाचता येत नाही. सही येते. मला माहीत होतं की हो, पण कधी असं जोडून बघितलंच नव्हतं. सगळ्या हायवेवरचे ढाबे ते असेच सांगायचे, रेघवाला, दोन टिकल्यांचा, हिरव्या वेलांटीचा. आम्हाला वाटायचं गंमत करतात.

काचनळी
ताई, हिरव्या वेलांटीचा कुठला ते विचारा. हिरव्या काचेचं काम आमच्याकडे फार कमी यायचं. आमचाच असेल तर वेलांटी मी धरली होती, उस्तादाने वळवली होती.

रेघवाली
विचारते दादा. आता झोपले ते, नऊला झोपतात.

धुळेकर_सध्या_पुणे
आणि मुकटीचं पण विचारा.

सुनंदा_आत्या
आधी भोजनालयाचं काय झालं ते लिहा कुणीतरी, मी कुकर बंद करून बसलेय.