फवारणीमुळे डीएनए तुटतो का? मुंबईत चाचणी कुठे होते? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. मी भांडुपला राहतो, गाव यवतमाळ जिल्ह्यात. मोठा भाऊ १४ वर्षं रोजानं फवारणी करतो. घरची दीड एकर, बाकी लोकांची पऱ्हाटी (कपाशी). २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं जिल्ह्यात वीसवर माणसं गेली, तेव्हा दादाही तीन दिवस भरती होता. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, फवारा तोंडावरच यायचा. वाचला, आणि पुढच्या हंगामात पुन्हा पंप पाठीवर. (आमच्याकडे त्याला विष म्हणत नाहीत, 'औषध' म्हणतात!)

मागच्या आठवड्यात धामणगावहून विदर्भ एक्स्प्रेसनं त्याला इकडे आणलं. यकृत, किडनी, कोलिनेस्टरेज (फवारणीची बाधा दाखवणारी रक्तचाचणी), सगळं नॉर्मल. पण फवारणी करणाऱ्यांच्या पेशींतला डीएनए तुटलेला असतो आणि तो 'कॉमेट' चाचणीत दिसतो, असं वाचलंय. डॉक्टरांना विचारलं तर चष्म्यावरून नुसतं बघितलं. ही चाचणी कुठे होते? खर्च किती? खरी काळजी वेगळीच आहे. त्यांना दुसरं मूल हवंय, आणि दादा रोज रात्री एकच विचारतो, "हे लेकरात उतरते का रे?"

— भांडुपकर

सूक्ष्मदर्शी: मी लॅबमध्ये काम करतो, डॉक्टर नाही. कोलिनेस्टरेज फार तर गेल्या तीन-चार महिन्यांतली बाधा सांगतं, तेही ऑरगॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट या कीटकनाशक गटांचीच. १४ वर्षांचा हिशेब त्यात नाही.

कॉमेटमध्ये रक्तातल्या पेशी जेलमध्ये ठेवून वीज सोडतात. तुटलेले तुकडे पुढे सरकतात आणि धूमकेतूसारखी शेपटी दिसते. दुसरी चाचणी मायक्रोन्यूक्लियस, म्हणजे पेशीच्या मुख्य केंद्रकाबाहेर राहिलेले गुणसूत्रांचे तुकडे मोजणं, ती गालाच्या आतल्या पेशींवरही होते. फवारणी मजुरांच्या गटांत असं नुकसान जास्त आढळल्याचे बरेच अभ्यास आहेत. पण गटात! एकट्या माणसाची शेपटी लांब निघाली तरी ती औषधाची, वयाची की तंबाखूची, हे सांगता येत नाही. दादा खर्रा खातात का? शिवाय शरीर हे तुकडे जोडतही असतं. म्हणून ही चाचणी मुख्यतः संशोधनातच होते. कुणी पॅकेज विकत असेल तर पैसे घालू नका.

लेकराचं म्हणाल तर रक्तातल्या पेशींचं नुकसान मुलात जात नाही. प्रश्न शुक्राणूंचा. ते तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे फवारणी थांबवून तीन महिने जाऊ द्या. वीर्यतपासणी करा, आणि दोघांनी मिळून जेनेटिक्सच्या ओपीडीत दाखवा.

काटेसावर: कुठलं औषध होतं? २०१५ मध्ये मॅलाथिऑन आणि डायझिनॉन 'बहुधा कर्करोगकारक' ठरलेत, नाव कळलं तर डॉक्टरांना सांगता येईल. आणि फवारणीचे कपडे कोण धुतं?

भांडुपकर: आभार दोघांचे. खर्रा खातो, दिवसाला तीन-चार. औषध बहुतेक प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचं, कधी मोनोक्रोटोफॉस. दुकानदार देईल ते, दोन-तीन एकत्र कालवून.

कपडे वहिनी धुते. हातानं, पोराच्या कपड्यांसोबत, एकाच बादलीत. तिला मुंबईला आणलंच नव्हतं. तिच्या कुठल्या तपासण्या करायच्या, तेही सांगाल का?