मदत हवी आहे: झाडावरचं मचाण चोरीला गेलं, पुढचं कसं सांभाळू?

नमस्कार मंडळी. मिशिगनमध्ये राहतो, चार वर्षांपासून धनुष्यबाणाने हरणाची शिकार करतो. परवाना, टॅग (मारलेल्या हरणाला लावायची चिठ्ठी) सगळं रीतसर. (शिकार करावी की नाही, यावर वेगळा धागा काढा. तिथे येतो भांडायला.)

इथे धनुष्याचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो, १५ नोव्हेंबरला बंदूकवाले येतात. सरकारी रानात १ सप्टेंबरपासून मचाण बांधून ठेवता येतं. मी माझं सुटं मचाण (उचलून नेता येणारी बैठक) एका ओकवर पंधरा-सोळा फुटांवर पट्ट्याने बांधलं होतं. शनिवारी पहाटे कपाळावर दिवा लावून पोचलो, तर झाड मोकळं. पट्टा सरळ कापून बुंध्याशी टाकलेला, चढायच्या चारही स्टिक (बुंध्याला बांधायच्या पायऱ्यांच्या दांड्या) गायब. मचाणाला नाव-पत्त्याची पाटी लावावीच लागते; ती तेवढी सोडवून पाचोळ्यात फेकली होती. कंबरेच्या उंचीवर कॅमेरा लावलेला, तोही गेला!

पाटी असली तरी सरकारी रानात मचाणावर माझा एकट्याचा हक्क नसतो, दुसरा कुणीही येऊन बसू शकतो. बसा की बाबांनो, पण उचलून काय नेता?

झाडाच्या सालीतून आत जाणारं काही ठोकायला तिथे बंदी आहे, त्यामुळे बोल्ट मारून कुलूप लावायची सोय नाही. मग साखळी घेऊ की केबल? आणि मचाणात एअरटॅग (वस्तू कुठे आहे ते फोनवर दाखवणारी ॲपलची चकती) लपवला तर उपयोग होईल का?

प्रतिसाद १
एअरटॅग आजूबाजूच्या आयफोनच्या जिवावर चालतो. रानात कुणाचा फोन असणार? चोराने घरी नेल्यावर कदाचित कळेल. केबल लावा, पण बोल्ट कटरपुढे तीही टिकत नाही. खरा उपाय म्हणजे उतरताना खालच्या दोन स्टिक काढून गाडीत टाकायच्या. शिडी घेऊन रानात कोण येतंय! कॅमेरा दहा-बारा फुटांवर, तोंड खाली करून बांधा. रात्रीच्या फोटोसाठी कॅमेऱ्यात इन्फ्रारेड दिवे असतात; त्यांची तरंगलांबी ८५० नॅनोमीटर असलेला घेऊ नका, रात्री त्याचे दिवे लालसर दिसतात. ९४० चा दिसत नाही.

प्रतिसाद २
एक राहिलंच. मचाण जागेवर दिसलं तरी चढण्याआधी प्रत्येक पट्टा हाताने चाचपून बघा. कुणी अर्धवट कापून सोडला असेल तर हाडं मोडतील. हार्नेस (पडू नये म्हणून अंगाला बांधायचा पट्टा) जमिनीवरच घालायचा, वर जाऊन नाही.

प्रतिसाद ३
आमच्याकडे यवतमाळला रानडुकरांसाठी शेतात माळा बांधतो, रात्री जागलीला बसतो. माळ्याला कुणी हात लावत नाही, झटका मशीनची (कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणाऱ्या यंत्राची) बॅटरी मात्र दोनदा गेली. एकदा तर साखळदंडासकट! आता सकाळी घरी येताना बॅटरी खांद्यावर घेऊनच येतो. भाऊ, नेता येत असेल तर घरीच न्या.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. यवतमाळकरांचं पटलं. हलकं मचाण घेतो आणि रोज पाठीवर नेतो-आणतो, गाडीपासून अर्धा मैलच आहे. आता प्रश्न आवाजाचा. अंधारात बांधताना स्टिक एकमेकींवर आपटल्या की सगळं रान जागं होतं. सायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळली तर चालेल? की रबराचा वास हरणाला लागेल?