शब्दचर्चा : एक वापरकर्ता, दोन सत्रं. पण ‘चालवणे’ म्हणजे नेमकं काय?

घणसोली_गच्ची
ऐरोलीतल्या एका कंपनीत नोकरी. घरून काम करणाऱ्यांसाठीची पुस्तिका मराठीत आणायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. एका वाक्याचं मी असं केलं : ‘एकच वापरकर्ता स्थानिक व दूरस्थ सत्रे एकाच वेळी चालवू शकतो.’ व्याकरण ठीक. पण स्टोअरमधल्या ताईंनी वाचून विचारलं, “म्हणजे मी घरून पगाराची स्लिप उघडली की इथे माझ्या टेबलावरच्या स्क्रीनवर सगळ्यांना दिसणार का रे?” मी ठासून नाही म्हणालो आणि जागेवर येऊन बसल्यावर शंका आली.
‘सेशन’ला सत्र बरोबर आहे का? मला सत्र म्हटलं की सहामाही परीक्षाच आठवते. ‘बैठक’ चालेल?

कोर्टनाका
बैठक नको. बैठकीला निदान दोघं लागतात, आणि चहा.
माझी हयात सत्र न्यायालयात भाषांतरं करण्यात गेली, तेव्हा पक्षपात धरूनच वाचा. (दाराबाहेर पक्षकार ‘सेशन कोर्ट’च म्हणतात, तो भाग वेगळा.) सत्र आलं ‘सद्’ म्हणजे बसणे या धातूवरून. सेशनच्या मुळाशी लॅटिनमधला बसण्याचाच धातू आहे आणि हे दोन्ही धातू मुळात एकच. म्हणजे हे शब्द लांबचे चुलतभाऊ. यज्ञातलं सत्र म्हणजे बारा किंवा त्याहून अधिक दिवस चालणारा सोमयाग. त्यात ऋत्विज म्हणजे यज्ञ करणारे पुरोहित हेच यजमान, वेगळा यजमान नसे. अन्नछत्रातलं छत्रही मुळात सत्रच. बसलं की उठेपर्यंतचा अखंड काळ, हा अर्थ सगळीकडे टिकलाय. संगणकातही तोच आहे : लॉगिन केल्यापासून लॉगआउट करेपर्यंतचा काळ.
जाता जाता : ‘स्थानिक’ आणि ‘दूरस्थ’ या दोन्हींत ‘स्था’ आहे. आपलं ठाणंही त्यातलंच. शिलाहारांच्या लेखांत श्रीस्थानक. ठाण मांडून बसणारा इथला असो की लांबचा, धातू एकच.

रबाळे_सर्व्हर
काका, व्युत्पत्ती झकास. पण ताईंचा प्रश्न तसाच राहिला, आणि तो भाषेचा कमी, यंत्राचा जास्त आहे. ‘घरून ऑफिसचा पीसी उघडला’ हे एकच वाक्य आपण तीन वेगळ्या गोष्टींना वापरतो.
एनीडेस्क किंवा साधं व्हीएनसी (दुसऱ्या पीसीचा पडदा लांबून दाखवणारे प्रोग्रॅम) असेल तर तुम्ही टेबलावरच्याच पडद्यात डोकावता. सत्र एक, बघणारे दोन. तिथे ताईंची भीती खरी! ऑफिसातला माऊस आपोआप फिरताना बघून आमच्या शिपाईमामांनी एकदा पीसीची वायर उपटली होती.
विंडोज १० किंवा ११ प्रोमध्ये रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे विंडोजच्याच बाहेरून शिरायच्या सोयीने, त्याच खात्यातून आलात, तर टेबलावरचा पडदा कुलूपबंद होतो आणि तेच सत्र, उघड्या फायलींसकट, तुमच्याकडे येतं. कोणी टेबलाशी बसून पासवर्ड टाकला की तुमच्या हातून निसटून परत तिकडे. इथे ‘एकाच वेळी’ काहीच नाही. पाट एक, कोण बसलंय एवढाच प्रश्न. (होम आवृत्तीत तर बाहेरून असं येताच येत नाही.)
खरोखर दोन पाट मांडता येतात ते विंडोज सर्व्हरवर. तिथेही एका वापरकर्त्याला एकाच सत्रापुरतं बांधणारं धोरण मुळात चालू असतं; ते बंद केलं की त्याच नावाने दुसरं सत्र मिळतं. देखभालीसाठी वेगळे परवाने न घेता एका वेळी दोन सत्रं चालतात. तिसरा आला की कोणाला तरी उठावं लागतं. आणि लिनक्सवर, पण ती कथा मोठी आहे.

वसंतविहार
ती कथा मी भोगली आहे. ठाण्याला घरी उबंटूचा (लिनक्सचाच एक प्रकार) डेस्कटॉप लॉगिन करून तसाच सोडला, ट्रान्सहार्बरने ऐरोलीला गेले, तिथून एक्सआरडीपीने (लिनक्सवरची रिमोट डेस्कटॉपची सोय) त्याच खात्यात शिरले. काळा पडदा. दोन सेकंदांत परत लॉगिनची चौकट. पासवर्ड चुकला असेल म्हणून चार वेळा टाकला.
कारण नंतर कळलं. लिनक्सवर प्रत्येक सत्राला वेगळा पडदा मिळू शकतो, घरचा शून्य नंबरचा, बाहेरून आलेल्याचा बहुधा दहा. पण सिस्टिमडी, म्हणजे लिनक्समधल्या सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम, प्रत्येक वापरकर्त्यामागे एकच व्यवस्थापक ठेवतो, आणि प्रोग्रॅम आपापसांत ज्यावरून बोलतात ती डी-बसची वाहिनीही वापरकर्त्यागणिक एकच. एका फ्लॅटमध्ये दोन पंगती बसवाल हो, पण सोसायटीचा इंटरकॉम फ्लॅटला एकच. नोम हा उबंटूचा नेहमीचा डेस्कटॉप त्याच इंटरकॉमवर दुसऱ्यांदा उभा राहायला बघतो आणि कोसळतो. मी बाहेरून येताना एक्सएफसीई हा दुसरा डेस्कटॉप वापरते आणि त्या सत्राला स्वतंत्र वाहिनी देते, मग दोन्ही सुखाने नांदतात. फायरफॉक्स मात्र तेवढ्यावरही कुरकुरतो : ‘आधीच चालू आहे’. त्याचं प्रोफाइल (खुणा, पासवर्ड ठेवायचा कप्पा) एक, त्याला कुलूप एक. दुसरं प्रोफाइल काढलं की गप्प.
आता शब्दाबद्दल. माझी दोन सत्रं होती, पण ‘मी’ एकच होते, आणि भांडण त्या ‘मी’च्या सामायिक सामानावरून झालं. ते ‘सत्र’ शब्दात दिसत नाही. दिसायलाच हवं असंही नाही.

तलावपाळी
माझ्या मते नामावर उगाच एवढी शाई खर्च झाली. घोटाळा क्रियापदात आहे. ‘सत्र चालवणे’ काय असतं? सत्र चालवतात ते न्यायाधीश. आपण सत्र उघडतो, चालू सत्रात शिरतो, सत्र इकडून तिकडे हलवतो. रबाळेंच्या तिन्ही गोष्टी या तीन क्रियापदांत आपोआप वेगळ्या होतात, नवा शब्द पाडायची गरजच नाही. शिवाय ‘तेच’ आणि ‘दुसरं’ हे दोन शब्द कुठेतरी यायलाच हवेत.
‘बंद करणे’चीही तीच गत. फुलीवर टिचकी मारून खिडकी मिटली की लोकांना वाटतं काम संपलं. प्रत्यक्षात फक्त जोडणी सुटते, सत्र आत जागंच राहतं, फायली उघड्याच.

रबाळे_सर्व्हर
हे छापाच. सोमवारी सकाळी सर्व्हरवर शुक्रवारची अनाथ सत्रं मोजणं हा माझा ठरलेला कार्यक्रम आहे. ‘जोडणी सोडणे’ वेगळं, ‘सत्र संपवणे’ वेगळं.

घणसोली_गच्ची
आमच्याकडे सर्व्हर आहे आणि ते धोरण बंद आहे, आत्ताच विचारून घेतलं. तर नवं वाक्य : ‘कार्यालयातील तुमचे सत्र चालू असतानाही घरून त्याच खात्याने दुसरे, स्वतंत्र सत्र उघडता येते. एका सत्रातील पडदा दुसऱ्यात दिसत नाही. काम झाल्यावर केवळ जोडणी सोडू नका, सत्र संपवा.’ ताईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, “हे आधीच लिहायचं की.”
एकच राहिलं, सत्रे की सत्रं?

कोर्टनाका
पुस्तिकेत सत्रे. ताईंशी बोलताना सत्रं.