मदत हवी आहे : १९५९ च्या आवडत्या जॅझ अल्बमांपैकी एक अजून उमगत नाही

नमस्कार. यंदा मी १९५९ या एकाच वर्षातले जॅझ अल्बम ऐकत आहे. माइल्स डेव्हिस यांचा ‘काइंड ऑफ ब्लू’ मनात पहिल्या क्रमांकावर आहे. त्यातील ‘सो व्हॉट’चे स्वर आपल्या काफी थाटाशी जुळतात, म्हणूनच कदाचित तो कधी परका वाटला नाही. डेव्ह ब्रुबेक यांच्या ‘टेक फाइव्ह’च्या पाच मात्राही सहज मोजता आल्या. मात्र ऑर्नेट कोलमन यांच्या ‘द शेप ऑफ जॅझ टू कम’मध्ये पियानोच नसल्यामुळे, आधार कशाचा धरावा हे मला कळत नाही. ‘लोनली वुमन’ अतिशय आवडते, पण पुढच्या रचनांत वाट चुकते. तिथे चार्ली हेडन यांच्या डबल बासकडे कान द्यावा, की मूळ धून लक्षात ठेवून ऐकावे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.