कमानीतून पाटा काढल्याने जिप्सी मऊ होते, की नुसती तशी वाटते?

घाटवाट:
काल येथे एका सभासदांनी लिहिले, की जुन्या मारुती जिप्सीचे हादरे नकोसे झाले असतील तर मागच्या दोन्ही कमानींतून (म्हणजे पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेल्या स्प्रिंगांतून) दोन-दोन पाटे, म्हणजे पट्ट्या, काढून टाकावेत. तासाभराचे काम, खर्च फक्त मजुरीचा आणि गाडी ‘गादीसारखी’ चालते. त्यावर ‘या रविवारीच काढतो’ म्हणणाऱ्यांची लागलेली रांग पाहून गप्प बसवेना, म्हणून सविस्तर लिहितो.

जिप्सी १९८५ मध्ये आली आणि लष्कराने ती ५०० किलो भाराच्या वर्गात वापरली. तेवढ्या ओझ्याच्या हिशेबाने घडवलेल्या कमानींवर आपण दोन माणसे आणि एक पाण्याची बाटली घेऊन बसलो, तर गाडी उडणारच. मात्र सारख्या जाडीच्या पाच पाट्यांतील एक काढला, की कमानीचा ताठपणा सुमारे २० टक्क्यांनी घटतो आणि उरलेल्या प्रत्येक पाट्यावरचा ताण २५ टक्क्यांनी वाढतो. दोन काढले, तर तो दीडपटीच्याही पुढे जातो. एवढे करून मिळते काय? गाडीच्या हेलकाव्यांची गती ताठपणाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते, त्यामुळे २० टक्के ताठपणा गमावून जेमतेम १० टक्के फरक पदरात पडतो. शिवाय गाडी खाली बसते, ॲक्सल (दोन चाकांमधला दांडा) आणि चासी (गाडीचा सांगाडा) यांच्यातले अंतर कमी होते आणि जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरच्या पहिल्याच मोठ्या खड्ड्यात ॲक्सल वरच्या रबरी ठोकळ्यावर जाऊन आदळतो. तो दणका ज्याने खाल्ला आहे, तो ‘गादी’ हा शब्द पुन्हा वापरणार नाही.

मुलुंडकर:
ते सभासद मीच. आपले वर्गमूळ मान्य, पण माझ्या आईच्या कमरेला वर्गमूळ कळत नाही. तिला दर पंधरवड्याला मुलुंडहून दादरला व्यायामोपचारासाठी न्यावे लागते. पूर्वी ती समोरची मूठ दोन्ही हातांनी घट्ट धरून, डोळे मिटून, रामरक्षा म्हणत बसायची. पाटे काढल्यानंतरच्या पहिल्याच फेरीत शीव येईपर्यंत तिला डुलकी लागली होती. याला आपण ‘जेमतेम १० टक्के’ म्हणत असाल, तर म्हणा. तीन वर्षे झाली, एकही पाटा तुटलेला नाही. मला डोंगर चढायचे नाहीत आणि लष्करातही भरती व्हायचे नाही.

निवृत्त फोरमन:
मुलुंडकर, पाटा तुटत नाही म्हणून सगळे ठीक आहे, असे समजू नका. मी ३१ वर्षे कार्यशाळेत कमानी उघडल्या आणि बांधल्या आहेत, त्यामुळे पुढचे ऐकून घ्या.

माझ्या पुतण्याने हाच उद्योग केला होता. पावसाळ्यात कसारा घाट उतरताना त्याने वळणावर ब्रेक दाबला, तेव्हा मागून ‘टण्ण’ असा आवाज आला आणि गाडी एका अंगाने ओढू लागली. खाली उतरून पाहिले, तर डाव्या बाजूचा ॲक्सल चार बोटे मागे सरकला होता, टायर मडगार्डला घासत होता आणि जळक्या रबराचा वास सुटला होता. कमानीच्या मधला सेंटर बोल्ट कातरला गेला होता. पाटे मात्र सगळे शाबूत होते.

कारण काय, तर पाटे काढल्याने कमानीची थप्पी बारीक झाली होती, पण कमान ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट जुनेच ठेवले होते. नट खाली जाता जाता आटे संपले आणि तिथेच अडकले. पान्याला जोर लागला, मिस्त्रीला वाटले आवळले. प्रत्यक्षात नट बोल्टच्या आट्यांवर आवळला होता, थप्पीवर नव्हे. थप्पी आत सैलच होती. ॲक्सलला जागेवर धरून ठेवणे हे यू-बोल्टच्या पकडीचे काम असते, सेंटर बोल्ट केवळ खुणेपुरता असतो. सगळा भार त्या बिचाऱ्यावर आला आणि तो गेला.

दुसरे असे, की आपण नेमके कोणते पाटे काढलेत? मुख्य पाट्याच्या खालचा दुसरा पाटा त्याच्या डोळ्याला, म्हणजे टोकाच्या गोल वळलेल्या भागाला, आधार देतो. तो काढणाऱ्याला मी माझ्या हाताखाली एक दिवससुद्धा ठेवले नसते.

पेव्हरग्रस्त:
आपण सगळे गाडीला दोष देत बसला आहात. आमच्या गल्लीत दर पावसाळ्यात पेव्हर ब्लॉक उखडतात, दर हिवाळ्यात तेच ब्लॉक पुन्हा उलटेसुलटे बसवले जातात आणि मधल्या काळात रस्त्याला दात पडलेल्या म्हाताऱ्याचे रूप येते. कोट्यवधींची गाडी आणली तरी तिथे हादरे बसतील. रस्ता नीट असता, तर हा धागा निघालाच नसता.

कायद्याचा किडा:
मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ बनावटीत परस्पर फेरफार करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे पुन्हा बजावले आहे. प्रत्येक बेकायदा फेरफारामागे ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. अपघातानंतर विम्याचा सर्वेक्षक गाडीखाली वाकला, तर काय उत्तर देणार?

मुलुंडकर:
‘आईला डुलकी लागते’ असे सांगेन.

वेसावकर:
एक साधी गोष्ट कोणीच बोललेले नाही. मी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतो. माझीही जिप्सी बैलगाडीसारखी चालत असे आणि मीही पाटे काढायलाच निघालो होतो. कमान सोडवली तेव्हा पाटे एकमेकांपासून सुटेनात. हातोडा आणि छिन्नी घालावी लागली. मधून गंजाचे पापुद्रे असे निघाले, जणू खारी बिस्किटे. म्हणजे पाच पाटे एकमेकांवर सरकायच्या ऐवजी एकच जाड लोखंडी ठोकळा होऊन बसले होते. तारेच्या ब्रशने घासले, पातळ ग्रीस लावले, सगळे पाटे जिथल्या तिथे परत बसवले. गाडी मऊ झाली. आपल्या हवेत आधी गंज काढावा, पाट्यांचे नंतर बघावे.

घाटवाट:
गंजाचे म्हणणे शंभर टक्के योग्य. ग्रीसचे शंभर टक्के चूक. पाट्यांमधल्या ग्रीसला चिखल आणि बारीक वाळू चिकटते, त्याचा घासणारा लेप होतो आणि दोन पावसाळ्यांत पाट्यांना चर पडतात. शिवाय पाट्यांचे आपसातले थोडे घर्षण हेलकावे शमवण्यासाठी उपयोगीच असते. ते पूर्ण नाहीसे केले, तर शॉक ॲब्सॉर्बरवर अधिक काम पडते. घासून झाल्यावर ग्रॅफाइटचा कोरडा थर द्यावा.

निवृत्त फोरमन:
ग्रॅफाइट कशाला? आम्ही आयुष्यभर कमानींवर इंजिनातले जळके ऑइल मारले. गंज नाही, कुरकुर नाही, खर्च नाही.

घाटवाट:
आणि त्याच जळक्या ऑइलने डोळ्यांतले रबरी बुश (बोल्टभोवतीच्या नळ्या) फुगून मऊ झाले, ते कोणी मोजले? काका, आपल्या वेळच्या ट्रकांना पितळी बुश असायचे, त्यांना चालून जात असे.

निवृत्त फोरमन:
आपण दप्तर घेऊन शाळेत जात होता, तेव्हापासून मी बुश ठोकत आहे. ‘आपल्या वेळच्या’ ही भाषा नको.

वेसावकर:
ग्रीस लावून माझ्या गाडीला चार वर्षे झाली. चर पडलेले नाहीत. समुद्राजवळ कोरडा थर किती टिकतो, ते येऊन बघा. बोंबील वाळवायच्या वलांडीशेजारी गाडी लावून दाखवतो.

घाटवाट:
चार वर्षे आपण डांबरावर चालवलीत, म्हणून चर नाहीत. माळशेजच्या चिखलात एक पावसाळा काढा, मग बोलू. वाटल्यास समुद्राकाठी ग्रीस आणि डोंगरात ग्रॅफाइट, एवढी तडजोड करायला मी तयार आहे. जळक्या ऑइलवर मात्र नाही.

मुलुंडकर:
फोरमनकाकांचे वाचून शनिवारी गाडीखाली झोपलो. उजवीकडचा नट खरोखर आटे संपेपर्यंत गेलेला होता आणि थप्पीत ब्लेडचे पाते सहज शिरत होते. याचा अर्थ घाटवाट यांचे वर्गमूळ बरोबर होते असा होत नाही. नटाचे म्हणणे बरोबर होते, एवढेच कबूल करतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून योग्य मापाचे नवे यू-बोल्ट आणले, पाटे घासले आणि दोन्ही बाजूंना एक-एक पाटा परत घातला. दुसरा घालणार नाही. काल आई दादरपर्यंत जागी होती, पण मूठ धरली नव्हती.

निवृत्त फोरमन:
शाबास. ५०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा. डोळ्यांचे आणि शॅकलचे (कमानीचे टोक चासीला जोडणाऱ्या कडीचे) बोल्ट आवळताना गाडी जॅकवर नको, चाकांवर उभी हवी, नाहीतर बुशला कायमचा पीळ बसतो. आणि वरून थोडे जळके ऑइल मारा.

घाटवाट:
जळके ऑइल मारू नका.