अकरावीच्या मुलांनी मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत बिनपगारी काम करावं का?

घंटाळीकर
माझ्या भाचीने अकरावीला कला शाखा घेतली, त्यात मानसशास्त्र. ठाण्यातल्याच एका कॉलेजातल्या प्राध्यापक बाईंनी तिला उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्या प्रयोगशाळेत मदतीला बोलावलंय. पैसे मिळणार नाहीत. भावोजी म्हणतात, फुकटात राबवून घेतील, त्यापेक्षा सीईटीचा अभ्यास कर. मला वाटतं तिने जावं.

मानसशास्त्र म्हणजे समोरच्याच्या मनातलं ओळखणं, अशा समजुतीने बरीच मुलं या विषयाकडे येतात. प्रत्यक्ष काम केलं की ती समजूत उतरते. मानसशास्त्रज्ञ स्ट्रूप यांचा १९३५ चा प्रयोग घ्या. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत छापलेला असतो आणि आपण शाईचा रंग सांगायचा. वाचायला गंमत वाटते. पण तोच प्रयोग तीस-चाळीस जणांवर घ्यायचा तर प्रत्येकाला सूचना त्याच शब्दांत द्यावी लागते, वेळ नीट नोंदवावी लागते, आणि मध्येच 'छान जमतंय हं' म्हणून चालत नाही. का चालत नाही ते रोझेन्थाल आणि फोड या संशोधकांनी १९६३ मध्ये दाखवलं. त्यांनी विद्यार्थ्यांना उंदीर वाटले. काहींना सांगितलं, तुमचे हुशार जातीचे. काहींना सांगितलं, तुमचे मठ्ठ. मुळात उंदरांत फरक नव्हता. तरी 'हुशार' उंदरांची कामगिरी सरस भरली. मोजणाऱ्याची अपेक्षा मोजमापात अशी शिरते. हे सोळाव्या वर्षी स्वतःच्या हाताने काम करताना कळलं, तर पुढे 'संशोधनातून सिद्ध झाले आहे' असा मथळा वाचून ती मुलगी आधी विचारेल, कोणी मोजलं आणि कसं मोजलं?

ऐरोलीची आई
दादा, तुम्ही शाईच्या रंगाचं उदाहरण घेतलंत. सगळं काम तसं नसतं. नैराश्य मोजायला पीएचक्यू-९ ही प्रश्नावली खूप ठिकाणी वापरतात. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. नववा प्रश्न मरून गेलेलं बरं असे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, हा आहे. नवीन मदतनिसाच्या वाट्याला आधी डेटा एन्ट्री येते. तुमच्या भाचीपुढे नवव्या प्रश्नाला 'तीन', म्हणजे जवळजवळ रोज, लिहिलेला कागद आला तर तिने काय करायचं? रात्री ती तो कागद डोक्यात घेऊनच घरी येणार.

दुसरं, कागदावर नाव नसलं तरी वय, शिक्षण, सेक्टर असतोच. आमच्याकडे एवढ्यावरून माणूस ओळखता येतो. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्यांना मूल मानलंय. त्यांची स्वतःची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. आणि त्याच मुलांच्या हाती आपण दुसऱ्याच्या मनातलं द्यायचं? माझी मुलगी बारावीत आहे. मी पाठवणार नाही.

घंटाळीकर
ताई, रुग्णांचे किंवा नैराश्याचे कागद मुलांना देऊच नयेत, हे मला पूर्ण मान्य. पण त्यासाठी सगळी प्रयोगशाळाच का बंद करायची? प्रतिक्रियेचा वेळ, स्मरणशक्ती, लक्ष यांवरचं काम भरपूर असतं.

ओंकार_सानपाडा
काका, मी एम.ए. करतोय आणि अशाच एका प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून आतलं सांगतो. आमच्याकडे पीएच.डी. करणाऱ्यांची डेटा एन्ट्री आम्ही विद्यार्थी करतो, बिनपैशांची. शोधनिबंधात नाव येत नाही. अकरावीची मुलं आली की तेच काम त्यांच्याकडे सरकणार. शिकवायला वेळ कोणाकडे आहे? तुमच्या भाचीच्या बाई चांगल्या असतीलही, पण बाई चांगल्या निघतील या भरवशावर पद्धत उभी राहत नाही.

शिवाय फुकट काम करणं कोणाला परवडतं? दिघ्यातला, कळव्यातला मुलगा सुट्टीत दुकानात उभा राहतो, फी जमवतो. त्याला ही 'संधी' मिळतच नाही. मिळते ती घोडबंदरच्या टॉवरमधल्या मुलांना, आणि त्यांतल्या काहींना हवं असतं परदेशी अर्जाला जोडायचं प्रमाणपत्र. हल्ली पैसे घेऊन 'रिसर्च इंटर्नशिप' आणि वर एक पेपर छापून देणारेही आहेत. मला याचा मनापासून राग येतो. संशोधनाची भूक असलेला मुलगा बाहेर राहतो आणि पैसे मोजणारा 'संशोधक' होतो.

निवृत्त मास्तरीण, नौपाडा
ओंकार, तुझा राग रास्त आहे. पण तुझ्या मुद्द्यावरून उत्तर 'पैसे द्या' असं निघतं, 'मुलांना घेऊ नका' असं निघत नाही.

मी आयुष्यभर मानसशास्त्र शिकवलं. विज्ञानाच्या मुलांना वाशीहून खाडी ओलांडली की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, खगोल, गणित यांच्या ऑलिम्पियाड स्पर्धा तिथून चालतात. कला शाखेच्या मुलांना त्या तोडीचं काय मिळतं? वक्तृत्व स्पर्धा. प्रयोग म्हणजे जर्नलमध्ये उतरवून काढायची गोष्ट, असं समजून मुलं पदवीपर्यंत पोचतात. याचं मला फार वाईट वाटत आलंय.

आणि या विषयाला हातांची गरज आहे. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले; मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत ठोस परिणाम दिसला होता, पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांत दिसला. जुने प्रयोग नेटाने पुन्हा करणं हे कंटाळवाणं, पण मोलाचं काम आहे, आणि ते अकरावीच्या मुलांना झेपतं. चित्रफीत बघून वर्तनाच्या नोंदी करायचं कामही तसंच. दोघांनी एकमेकांना न विचारता नोंदी करायच्या आणि मग किती जुळतात ते मोजायचं. माझ्या वर्गात नोंदी जुळल्या नाहीत की मुलं आधी भांडायची, मग 'रागावला' कशाला म्हणायचं ते बारकाईने ठरवायला बसायची. व्याख्या का लागते हे त्यांना मी फळ्यावर कधीच इतकं पटवू शकले नाही.

ऐरोलीच्या ताई, तुमचं म्हणणं मी नियम म्हणूनच लिहीन: मानसिक आजाराचे कागद नाहीत, आपल्या शाळेतल्या किंवा परिसरातल्या माणसाची माहिती नाही, नावांची यादी बाईंच्या कुलुपात, आणि गोपनीयतेच्या कागदावर पालकांचीही सही.

ऐरोलीची आई
मॅडम, असे नियम लेखी असतील आणि कोणी मोठं माणूस पूर्णवेळ खोलीत असेल, तर शाईच्या रंगाच्या प्रयोगाला मी मुलीला पाठवेन. तोंडी आश्वासनावर नाही. बाई रजेवर गेल्या की कुलूप कोणाकडे असतं, हे मी विचारणार.

ओंकार_सानपाडा
मॅडम, 'पैसे द्या' हेच माझं म्हणणं धरा. निदान रेल्वेचा पास, दुपारचं जेवण आणि थोडं मानधन. ते विभागाच्या निधीतून निघत नसेल तर मुलांना बोलावू नये. आणि घंटाळीकर काका, भाचीला एवढं नक्की विचारायला सांगा: दिवसातला किती वेळ डेटा एन्ट्री, आणि किती वेळ कोणीतरी शेजारी बसून शिकवणार? बाईंनी यावर आकडा सांगितला तर जाऊ दे. 'बघू' म्हणाल्या तर भावोजींचं ऐका.