मदत हवी आहे: फुलीटाक्यात मराठी मुळाक्षरं

नमस्कार मंडळी. भाचीच्या बाळासाठी मुळाक्षरांचा सँप्लर, म्हणजे टाक्यांचा नमुना म्हणून भरतात ते कापड, भरायला घेतेय. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जेन बॉस्टॉकने भरलेला १५९८ चा सँप्लर आहे. त्यावर अ‍ॅलिस ली नावाच्या मुलीची जन्मतारीख वारासकट भरलीये! त्याचा फोटो पाहिल्यापासून हेच करायचं मनात आहे.

कापड १४ काउंट आयडा, म्हणजे इंचाला १४ घरं. अक्षराला १२ घरं, वर वेलांटीला ४, खाली उकाराला ४ धरली तर ओळ २० घरांची, साधारण दीड इंच. हे जमतंय. अडतंय ते गोलाईत. ळ, क्ष, ज्ञ नुसत्या फुल्यांत पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. तिथे पाऊण टाका (फुलीचा एक पाय अर्धाच) घ्यावा, की वरून बॅकस्टिचची सलग रेघ? शिरोरेषेला एक ओळ पुरते का दोन? मला दोनच भरदार वाटतात.

दोरा सहापदरी, त्यातले दोन पदर घेतेय. गडद लाल फार आवडलाय, पण पांढऱ्यावर रंग उतरला तर? भरण्याआधी दोरा धुऊन घेता का?

कुणाकडे आई-आजीच्या वहीतला देवनागरी अक्षरांचा आलेख असेल तर फोटो नक्की टाका.